बुचावरचा आकडा

९ जानेवारी १९६१, धाराशिव

या दुखण्याची खरी किंमत आज दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या मांडली. पैसा धरला नाही, तो पुन्हा मिळवता येतो. थोरलीच्या लग्नात पंगतीला बसता आलं नाही. परंड्याचा बाजार दिवाळीपासून सुटला. मोटारीत बसायची छाती होत नाही. पटका तोच, डोकं लहान झालंय. घाण्यावरचे गडी माझ्यासमोर हळू बोलतात, जसं घरात कुणी मयत पडलंय. आणि रक्त गेलं ते वेगळंच.

डॉक्टर अंबादासराव विलायतेत शिकून आलेत. म्हणाले, "आप्पा, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे. गोळ्या तिथवर पोचेपर्यंत दमतात. औषध थेट सुजेवरच लावायचं."

"लावा की."

"खालून लावावं लागेल."

खालून! रॉकेलचे डबे डोक्यावर वाहून वर आलेला माणूस मी, दोन तेलघाण्यांचा मालक — आणि समोर कंपाउंडर गोरोबा रबरी नळी घेऊन उभा!

१० जानेवारी

झालं. याविषयी लिहिणार नाही.

११ जानेवारी

लिहितोच. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. कोमट औषध आत सोडतात आणि ते आत धरून ठेवायचं. शेजारच्या खाटेवर तामलवाडीचा बलभीम. शेतकऱ्याचा पोर, अजून मिशीही नीट भरली नाही, नुसती हाडं. दुखणं तेच, नळी तीच. त्याची आई धुरपदाबाई पायाशी बसून असते. नळीच्या वेळी पदर तोंडावर घेऊन भिंतीकडं वळते.

बलभीम कण्हत म्हणाला, "आप्पा, रानात पाटाच्या पान्याची दारं धरण्यात जलम गेला, पर हे दार धरनं लई अवघड हाय बघा!"

हसू आवरेना. हसलं की सगळं सुटतं — हेही आजच कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. धुरपदाबाईंनी तिळगूळ पुढं केला. आम्हा दोघांना तीळ वर्ज्य, कपाळाला लावून परत दिला.

डॉक्टरांना विचारलं, बाटल्या सारख्याच, मग माझ्या बुचावर एक आणि बलभीमच्या बुचावर दोन असा आकडा का? सरळ सांगितलं त्यांनी! एका आकड्यात औषध आहे, दुसऱ्यात नाही. कुणाला कुठलं ते सांगणार नाहीत. "गुण औषधाचा की नुसत्या भरवशाचा, हे कळायला हवं, आप्पा. आधीच तुमची दोघांची संमती घेतली होती की."

घेतली होती. मी नळीच्या धक्क्यात मान हलवली असणार. पण दवाखान्यात भेसळ, आणि तीही तोंडावर सांगून! माझ्या दुकानी असं बोललो असतो तर गिऱ्हाइकांनी जोड्यानं मारलं असतं.

१५ जानेवारी

गोरोबा पाठमोरा होता तेवढ्यात दोन्ही बाटल्या कानाशी हलवल्या. डोळ्याला सारख्याच, पांढुरक्या. पण कानाला? एक नंबर दाट, जड बोलतो. दोन नंबर पातळ, पाण्यासारखा खळखळतो. डब्यावर टिचकी मारून भुईमुगाच्या तेलात किती काय मिसळलंय ते सांगणारा मी. बार्शीपर्यंतचे व्यापारी माझ्या कानाला मानतात. एक नंबर अस्सल! विलायतेची विद्या एका टिचकीत उघडी.

आणि माझं रक्त कालपासून बंद आहे. पुरावा आणखी कशाला पाहिजे?

१८ जानेवारी

धुरपदाबाई आज जवळ आल्या. "आप्पा, तुमचं रगत थांबलं. माझ्या लेकराचं का थांबंना?"

बलभीम मधेच, "कमी हाय की, आये. बरं हाय मला." पण तो पोरगा गाडीखाली आला तरी बरं हाय म्हणेल.

पोराला पाणी पाजतायत, आणि मी सगळं जाणून गप्प पडून राहायचं? जमत नाही.

१९ जानेवारी

गोरोबा बाटल्या स्टुलावर ठेवून कोमट पाण्याला गेला. दोन्ही बाटल्यांची बुचं आपसांत बदलली. तेलवाल्याला बूच काढून लावायला किती वेळ लागतो! बाटल्या रोज ताज्या भरून येतात, रोज असंच करणार. मी बराच आहे, माझं पाण्यावर भागेल. फार दिवसांनी मन हलकं वाटलं.

२३ जानेवारी

मी ठणठणीत. बलभीमला ताप.

२५ जानेवारी

रक्त. बलभीमच्या खाटेखालचं भांडं गोरोबानं झाकून नेलं, तरी दिसलं. बलभीम आज बरं हाय म्हणाला नाही.

अस्सल माल देऊनही? काही कळेना.

२६ जानेवारी

बाहेर झेंडावंदन चाललं होतं. त्या गलक्यातही व्हरांड्यातलं बोलणं माझ्या कानांनी पकडलंच. डॉक्टर गोरोबाला म्हणाले, "बलभीमला खरं औषध चालू होतं. तरी ही गत. म्हणजे या औषधात राम नाही, बंद कर. उद्या याला सोलापूरला हलवू. आतडं कापावं लागेल."

बलभीमला खरं औषध! दोन नंबर!

खळखळणारं, पातळ, ते अस्सल होतं. त्याला गुण येत होता, ते मी काढून घेतलं. स्वतःच्या आत घेतलं!

बोललो तर काय तोंड राहील? न बोललो तर पोराचं आतडं जाईल.

२७ जानेवारी

गाडी दारात लागलेली. सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टर रागावतील वाटलं होतं. ते खिडकीकडं गेले. तिथूनच म्हणाले, "गाडी परत पाठव, गोरोबा. दोन नंबर आण. बूच काढून आण."

धुरपदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "चांगलं व्हावं म्हनूनच केलंत न्हवं, आप्पा?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० जानेवारी

ताप उतरला. रक्त आहे, पण कमी. मी घरी जायला मोकळा, तरी थांबलोय. दिवसभर त्या खाटेकडं कान लावून.

५ फेब्रुवारी

बलभीमनं आज भाकरी मागितली. गोरोबाला एकट्याला गाठून विचारलं, मला पहिल्यांदा दिलेल्या त्या एक नंबरात एवढं दाट होतं तरी काय?

"दवाखान्याच्या भटारखान्यातली पेज, आप्पा. गाळून, मीठ घालून."