पाठीवरचा खो

इंदिरानगर, नाशिक
१४ डिसेंबर २०२५

चि. छाया हिस,

अनेक आशीर्वाद. सटाण्यास थंडी आमच्यापेक्षा अधिक असणार. तुझ्या शाळेतील मुली पहाटे मैदानावर वेळेत हजर असतात, असे ऐकते. उत्तम. सोळा वर्षांनी लिहीत आहे; म्हणून आधी घटना क्रमाने मांडते, मत नंतर.

जुलैत सुवर्णा आपल्या खो-खो मंडळात दाखल झाली. वय तेरा, मखमलाबादला घरची झेंडू-शेवंतीची शेती. ऑगस्टमध्ये मी तिला पहिल्या संघात घेतले, कारण तिच्याइतका लांब सूर मारणारी दुसरी नव्हती. सप्टेंबरात तिचा खेळ मंदावला. मी तिला आळशी ठरवले आणि तसे तोंडावर सांगितलेही. सहा ऑक्टोबरला तिच्या आई नवसाबाई फुलबाजारातून परस्पर आल्या. मला खोलीत नेऊन त्यांनी मुलीची पाठ दाखवली.

"बाई, हे बघा. खेळ हाय का मार हाय हा?"

बोटे मोजता यावीत असे वळ होते. बसलेल्या खेळाडूच्या पाठीला मागून हात लावून 'खो' म्हणावे, एवढाच नियम. आमच्या मुली हात लावत नव्हत्या, हाणत होत्या, वर "ए झेंडू, ऊठ की!" पाहणाऱ्याला त्यात गैर काही दिसत नाही, कारण खो तर दिलेलाच असतो. पुढाकार कर्णधाराचा, आभाचा. तिची निवड माझी.

"उद्यापासून नाय यायची ती," नवसाबाई म्हणाल्या.

एक वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. ते मी गिळले. त्याविषयी पुढे लिहीन. "आठ दिवस द्या," एवढेच म्हणाले.

"आठ नाय. चार."

दुसऱ्या दिवशी सरावाला सर्व मुलींसमोर मी स्वतः चौकोनात बसले. वय अडुसष्ट, उजवा गुडघा निकामी. पाठ आभाकडे केली. "सुवर्णेला देतेस तसाच खो मला दे."

मग मागून आवाज आला, "मॅडम, मस्ती होती हो ती."

"मस्तीत दोघी हसतात, आभा. दे."

पाठीला दोन बोटे टेकली. "खो!"

"म्हणजे तुला येतो!" म्हणत मी नियमाप्रमाणे उठून धावले. चारच पावले. मुली हसत सुटल्या, आभा रडली.

चार दिवसांत नियम लिहून फळ्यावर लागले. फटका मारणारी त्या डावापुरती बाहेर. कुणाच्या घरच्या कामावरून नाव पाडायचे नाही. तक्रार प्रशिक्षकाकडे नव्हे, तर संघनिवडीशी संबंध नसलेल्या दोघांच्या समितीकडे. उत्तर सात दिवसांत, लेखी. आभाचे कर्णधारपद महिनाभर काढून घेतले. संघातून मात्र काढले नाही. ती आपणहून मखमलाबादला जाऊन माफी मागून आली. पाचव्या दिवशी सुवर्णा मैदानावर होती.

काल जिल्हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. अर्धे मिनिट उरले होते आणि एक गडी हवा होता. धावणाऱ्या आभाने सुवर्णेच्या पाठीला केवळ बोटे टेकवली. सुवर्णेने असा सूर मारला की गडी बाद झाल्याचे मला धूळ खाली बसल्यावर कळले. नवसाबाई बाकावर उभ्या. मागून कोणी ओरडले, "ओ मावशी, खाली बसा, दिसत नाहीये!"

"आता काय बघायचं राह्यलं? जिंकलो ना!"

छाया, माझ्या क्रमवार मांडणीचा मला अभिमान असतो. वरची मांडणी सदोष आहे. तिच्यातील पहिलीच घटना मी गाळली.

डिसेंबर २००९. तू पंधरा वर्षांची. मोठ्या मुली खो देताना मारतात, असा अर्ध्या पानाचा अर्ज तू माझ्या हाती दिलास. मी त्याखाली लिहिले, 'खेळणाऱ्याची पाठ मऊ असून चालत नाही', आणि तो परत केला. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. छाया सामन्याला घाबरली, असे मी सर्वांना सांगितले. पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. नवसाबाईंसमोर ओठांवर आलेले वाक्य तेच होते. ते तुझ्यामुळे गिळता आले.

तू घाबरली नव्हतीस. तुझी तक्रार खरी होती. मी चुकले. काल करंडक स्वीकारताना हे मी ध्वनिक्षेपकावरून, तुझे नाव घेऊन सांगितले. आता सहीनिशी देते.

समितीतील एक जागा मी रिकामी ठेवली आहे. ती तू घ्यावीस. महिन्यातून एक रविवार पुरेल. माझ्याविरुद्धच्या तक्रारीही तिथेच येतील आणि त्यांत मला सवलत नसेल.

होकार असो वा नकार, कारणांसह लेखी कळव. फोन करू नकोस. बोलताना मी मध्येच तोडते, आणि तुझे म्हणणे मला या वेळी शेवटपर्यंत ऐकायचे आहे.

तुझ्या अर्जाचे उत्तर सोळा वर्षे उशिरा देणारी,
श्यामला गायधनी