गोलापांगरीपर्यंत दम

१० नोव्हेंबर, सोमवार

सतरा वेळा! सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत सतरा वेळा गेले. मोजलं नव्हतं तोवर वाटायचं, असंल आठ-दहा वेळा.

डॉक्टर आकांक्षा मॅडमनं लिहायला सांगितलंय. किती वाजता काय प्यायले, काय खाल्लं, किती वाजता गेले. त्याचा तक्ता लेकीनं, अर्पितानं पट्टीनं आखून दिला, तो मॅडमला दाखवायचा. ही वही फक्त माझी. तक्त्यात मावत न्हाई ते इथं.

दोन वर्षं झाली. आधी वाटलं उन्हाळी लागली. मंग गोळ्या घेतल्या, कमी झालं, परत आलं. लघवी तीनदा तपासली, साफ. सोनोग्राफी, साफ. मॅडम म्हणल्या, "संध्याताई, लघवीची पिशवी बिघडलेली नाही. चिडकी झालीय. थोडी भरली की ओरडते." ऐकून हसूच आलं. आमच्या घरात आधीच चिडकी माणसं कमी न्हाईत.

पण नऊ वर्षं जालना–अंबड गाडीवर कंडक्टर राहिलेल्या बाईला चिडकी पिशवी कशी परवडायची? सप्टेंबरात एका फेरीत दोनदा गाडी थांबवली आणि तुरीच्या आड गेले. परत चढले तेव्हा मागून कुणीतरी म्हणलं, "बाईंच्या घरची गाडी हाय." सगळी गाडी हसली. दुसऱ्याच दिवशी कंबर दुखते म्हणून अर्ज दिला न् टेबलाची ड्युटी मागून घेतली. तिकिटाची मशीन वाटायची, जमा करायची. संडास वीस पावलांवर. घरी सोडून कुणालाच खरं माहीत न्हाई.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बंद झालेल्या गोष्टी — चहा, कॉफी, लिंबू, मोसंबी, टमाटे, हिरवी मिरची, लोणचं, थंडा. सहा आठवडे. मंग एकेक करून परत घेऊन बघायचं, पिशवी कशावर चिडते ते. सगळ्यांची सारखी नसते म्हणे.

सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, वर पण बघितलं न्हाई. म्हणल्या, "मंग खाती काय, हवा?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चहाविना तिसरा दिवस. डोकं फुटायला आलं. टेबलावर तीन जणांना उलटसुलट मशीन वाटली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सगळ्यात मोठी चूक माझीच होती. ड्युटीवर पाणीच प्यायची न्हाई मी. सकाळी चहा घेतला की थेट संध्याकाळी तांब्याभर गटागटा. मला वाटायचं, पाणी न्हाई तर लघवी न्हाई. मॅडम म्हणल्या, अशानं ती जास्त दाट होते न् पिशवीला जास्त झोंबते. आता दर तासाला अर्धा पेला, घोट-घोट.

दुसरं काम दम धरायचं. कळ आली की पळायचं न्हाई. जागेवर बसायचं, खालून आवळून धरायचं, सोडायचं, परत आवळायचं, मन दुसरीकडं लावायचं. कळ येते तशी जाते. आधी पाच मिनिटं, मंग दहा. आणि "आताच जाऊन येऊ, पुढं मिळंल न मिळंल" म्हणून उगाच जायचं न्हाई. त्यानंच पिशवीला सवय लागते. हे सगळ्यात अवघड. बाईमाणूस जन्मभर तेच करत आलेलं — घर सोडायच्या आधी एकदा, पोचल्यावर एकदा.

आज बारा मिनिटं बसले. समोर रजिस्टर धरून अंबडपासून जालन्यापर्यंतची सगळी गावं मनात म्हणले. परत उलटी म्हणले. कळ गेली! खरंच गेली. रजिस्टरमागं एकटीच हसत होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ड्रायव्हर रामकिसनभाऊ मोसंबीची थैली ठेवून गेले. सहा वर्षं ह्यांच्या गाडीवर काढली मी. आता त्यांना नवा कंडक्टर मिळालाय, तो फोनवर बोलत घंटी द्यायला विसरतो म्हणे. भाऊंनी विचारलं कंबर कशी हाय. मी म्हणलं बरी हाय. मंग म्हणले, बरी असंल तर या की परत. काय सांगू त्यांना? थैलीचा वास घरभर सुटलाय आणि मला फोड चाखायची बंदी.

३० नोव्हेंबर, रविवार

नवऱ्यानं, देवानंदनं, आज हसवून मारलं. माझ्यासाठी फिकी भाजी केली की तेच हे पण डब्यात नेतात. स्टील मिलमधी ह्यांच्या डब्याला आधी मागणी असायची, ठेच्यासाठी. आता डबा उघडला की भट्टीवरचा एक जण रोज विचारतो, "घरी कोण आजारी हाय?" मी म्हणलं तुमच्यापुरता ठेचा वेगळा करत जाते. तर म्हणले, "राहू दे. तुझं तोंड फिकं न् माझं तिखट, कसं जमंल?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. असलं बोलणं ह्यांना कधी सुचलं न्हाई.

आणि एक — सासूबाईंनी पण चहा सोडलाय. विचारलं तर म्हणल्या, एका माणसासाठी कोण गॅस पेटवणार.

९ डिसेंबर, मंगळवार

मॅडमकडं गेल्ते. सतरावरून अकरा! त्यांनी तक्ता दोनदा बघितला. पोट साफ राहतंय का विचारलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रोज पपई सुरू केल्यापासून राहतंय. कोठा जड असला की तो पण पिशवीवर दाबतो, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"गाडीवर जाता येईल का?" मी विचारलं.

त्या म्हणल्या, "ते मी नाही, तुम्ही सांगणार. पण घाई करू नका."

२१ डिसेंबर, रविवार

शेतात हुरडा खायला गेल्तो सगळे, देवानंदच्या मित्राच्या मळ्यात. आगटीतून गरम कणसं निघत होती, हातावर चोळून देत होते. गूळ, शेंगदाणे, दही — आणि लसूण-मिरचीची चटणी. सहा आठवड्यांना एकच दिवस कमी होता. म्हणलं, आज सूट. चमचाभर घेतली. मंग अजून एक. वरून चहा पण.

काय चव होती! खोटं का लिहू.

२२ डिसेंबर, सोमवार

पंधरा वेळा. आग आग झाली. दुपारी टेबल सोडून पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडले. सहा आठवडे एका चमच्यात गेले असं वाटलं.

घरी आले तर सासूबाईंनी सातूचं पाणी करून ठेवलेलं. गार करून, गाळून. पेला पुढं सरकवला, एवढंच बोलल्या — "एका दिवसानं काही जात नसतं. पी."

२८ डिसेंबर, रविवार

परत दहावर आले. म्हणजे गेलं नव्हतं काहीच.

आता एकेक वस्तू, रोज एक. मोसंबी पास झाली! अर्धी खाल्ली, मंग पूर्ण, काही न्हाई. टमाटा नापास. चहा नापास, दोन घोटातच कळलं. हिरवी मिरची तर शाळेतूनच काढून टाकली. लाल तिखट चिमूटभर चालतं. एवढ्यात माणूस मजेत जगू शकतो.

४ जानेवारी, रविवार

आज सुट्टी होती. मुद्दाम रामकिसनभाऊंच्या गाडीत बसले, पॅसेंजर म्हणून. अंबडला जायचं न् परत यायचं, दुसरं काही काम न्हाई. सुटायच्या आधी भाऊ केबिनपाशी उभे होते. त्यांना सगळं सांगून टाकलं. कंबर न्हाई, हे हाय. तुरीत उतरले ते ह्याच्यासाठी. सांगताना मी त्यांच्याकडं बघत नव्हते, टायरकडं बघत होते.

त्यांनी त्याच टायरला लाथ मारून हवा बघितली. मला वाटलं लाजले. मंग म्हणले, "ताई, गोलापांगरीला दोन मिनिटं जास्ती उभी करीन मी. तिथं पोरीच्या सासरचं घर हाय माझ्या, रोडला लागूनच. रोज जात जा. यात काय एवढं?"

यात काय एवढं. चार महिने लपवलं मी.

गाडी निघाली. शहर सुटलं न सुटलं तोच कळ आली. खिडकीची दांडी धरली. आवळलं, सोडलं, आवळलं. सरकीच्या गोण्या मोजल्या, बायांच्या साड्यांचे रंग मोजले. स्वतःला एकच बजावत होते — गोलापांगरीपर्यंत दम धर, पुढचं पुढं. गोलापांगरी आली. भाऊंनी आरशातून बघितलं. मी मान हलवली — नको. कळ केव्हाच गेल्ती!

अंबडला उतरून गेले. पन्नास मिनिटं. येताना पण तसंच.

१२ जानेवारी, सोमवार

गाडीवर परत घ्या म्हणून अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, कंबर बरी झाली का. मी म्हणलं, कंबर कधी दुखतच नव्हती. खरं कारण सांगितलं, त्या खोलीत तिघं पुरुष बसलेले असताना. साहेब कागदाकडंच बघत राहिले. सही करताना म्हणले, आधी सांगितलं असतं तर आधीच काहीतरी बघितलं असतं.

बाहेर आले तर अंग हलकं.

१९ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस! रामकिसनभाऊंचीच गाडी. खाकी शर्ट जरा सैल होतोय. पाण्याची बाटली, डब्यात भाकरी, पालकाची भाजी, एक मोसंबी.

चार फेऱ्या झाल्या. पहिलीत उभे पॅसेंजर तीस. काजळा गावाच्या आसपास कळ आली, तेव्हा एका आजोबांशी त्यांच्या बकरीच्या तिकिटावरून वाद चालला होता. वाद मिटेपर्यंत कळ गेल्ती. बकरीचे आभार मानायला पाहिजेत. दुसऱ्या फेरीला मात्र दम न्हाई निघाला. गोलापांगरीला उतरले, भाऊंच्या लेकीच्या घरी जाऊन आले, तिनं दार आधीच उघडं ठेवलेलं. दीड मिनिट. कुणी काही म्हणलं न्हाई. म्हणलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं न् तिकीट फाडलं असतं.

दिवसभरात नऊ वेळा.

घरी आल्यावर देवानंदनं विचारलं कसं झालं. मी जोरात डबल घंटी वाजवल्यासारखं तोंडानं केलं — टिंग टिंग. अर्पिता म्हणली, आई, वय बघ.

३१ जानेवारी, शनिवार

आठ.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी घरात दोघीच होतो. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, हळूच विचारलं, "त्या तुझ्या डॉक्टरीणबाईला म्हाताऱ्या बाया चालत्यात का?" मला आधी कळलंच न्हाई. मंग त्याच म्हणल्या, "तीस वर्षं झाली, मला पण हेच हाय. माय गेली तव्हा माहेरी लोणारला गेले न्हाई मी. तीन तासाची गाडी. गाडीत भिजले तर चार माणसांत उतरू कशी? सगळे म्हणले, आमची झुंबर दगडाची हाय, मायच्या मातीला आली न्हाई. म्हणू दिलं."

लग्न होऊन आले त्या वर्षीच ही गोष्ट मला कुणीतरी सांगितली होती. एकोणीस वर्षं मी पण तेच म्हणत आले.