सहा जणांचे रोट, माझे सहा किलो

भेस्तान, सुरत
श्रावण संपत आला

तीर्थरूप धुरपदा आत्यास,

चंचलचा वाकून नमस्कार. (वाकताना पोट मधे येतं, पण तुझ्यासाठी पूर्ण वाकले आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला गेला का? गाय व्याली की अजून भाव खातेय? इकडे मम्मी, पप्पा, तुझा भाचा योगराज सगळे खुशाल आहेत आणि मीही जिवंत आहे. हे मुद्दाम लिहावं लागतंय, कारण धरणगावात माझी काय बातमी पोचली आहे ते मला कळलंय. फोन करायचा सोडून ही पोरगी पत्र का लिहितेय, असं तू म्हणशील. तर बाई, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, तू अंगणात बसून बोलतेस, आणि मला इथे शिंक आली तरी तुझी सगळी गल्ली काढा सुचवते. हा विषय अंगणातला नाही.

मूळ गोष्ट अशी, की चार महिने माझी पाळी आली नाही आणि वजन मात्र न चुकता वाढत गेलं. (नाव चंचल, आणि जिना चढले की दोन मिनिटं कठडा धरून उभी.) मम्मी मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. बाई गुजराती, बोलायला साखर. त्यांनी सांगितलं की याला पीसीओएस म्हणतात, शरीरातल्या हार्मोनचा गोंधळ आहे, अंडाशयात ‘नानी नानी गांठो छे’, म्हणजे बारीक बारीक गाठी आहेत, घाबरायचं नाही, गोळ्या घे, दोन महिन्यांत सहा किलो उतरव, मग बघू. आता एवढ्या मोठ्या बोलण्यातून मम्मीने घरी काय आणलं? गाठी! जिन्यातच शेजारच्या पुष्पाबाईंना तिने गाठी निघाल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळी पुष्पाबाई शहाळं घेऊन हजर. माझा हात हातात घेतला आणि हमसून रडायला लागल्या. मी तेव्हा भेळ खात होते, तीही तिखट. दुसऱ्या दिवशी ती गाठ भुसावळच्या गाडीत बसून धरणगावला उतरली आणि तिथे टरबुजाएवढी झाली, असं योगराज सांगतो. आत्या, त्या तसल्या गाठी नव्हेत गं. पुष्कळ मुलींना असतात. पण दवाखान्यातून निघताना मम्मी दारातून परत फिरली आणि हळूच विचारलं, की हिला पुढे मूलबाळ होईल ना? बाई म्हणाल्या, बहुतेकींना होतं, फक्त आत्तापासून लक्ष द्यायला हवं. मम्मीने ‘होतं’ एवढंच ऐकलं. मी ‘बहुतेकींना’ एवढंच ऐकलं.

मग मी कंबर कसली. (सापडली तेवढी.) साखर बंद, मैदा बंद, पहाटे चालणं सुरू. सोबतीला पुष्पाबाई, कारण आजारी पोरीला एकटं कसं सोडायचं. बागेला तीन फेऱ्या झाल्या की त्या लोचोच्या (इकडचा वाफवलेल्या डाळीचा फराळ) गाडीपाशी थांबायच्या आणि वर लोणी घालून प्लेट माझ्या पुढ्यात धरायच्या, तुला ताकद पाहिजे म्हणून. नाही म्हटलं तर डोळ्यात पाणी. वजन बघायला मी पलसाण्याला मी कामाला आहे त्या मिलमध्ये कापडाचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर उभी राहायचे, कारण दवाखान्यातला काटा बघून माझी छाती धडधडते. एकदा दुपारी सगळे जेवायला गेलेत असं बघून चढले, तर भिंतीमागून गोदामाच्या भूपेंद्रभाईंनी नुसते लाल आकडे पाहिले आणि हमालांना आरोळी ठोकली, ‘अठ्ठ्याहत्तर, चढाव!’ दोन माणसं मला टेम्पोत चढवायला खरंच आली होती.

एवढ्यात कानबाईचा सण आला, देवी घरात बसवायचा. तुझ्या माहेरची रीत तुला मी काय सांगू, पण राग काढायला सांगतेच. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मोजून दळायचे, त्याचे रोट, त्याच्याच पुरणपोळ्या, आणि ते घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचं नाही आणि टाकायचं तर नाहीच. मम्मीने उधन्याचे काका आणि त्यांचे तीन मुलगे धरून सहा पुरुषांचे गहू मोजले, दळले, आणि मग काकांचा फोन आला की आम्ही यंदा गावी बसवतोय. मोजलेले गहू कमी करता येत नाहीत! योगराजला हजीऱ्याच्या प्लँटमध्ये आठ दिवसांची ड्यूटी लागली. पप्पांनी त्याच आठवड्यात दाढ काढून घेतली, ते दुधावर. म्हणजे गहू सहा पुरुषांच्या नावाचे आणि खायला आम्ही दोघी बायका. चरबी कोणाच्या नावावर चढणार ते तूच सांग.

आणि आत्या, रविवारी सकाळी, कानबाईला नथ घालायची वेळ, मम्मीच्या हातात नारळ, आणि मला पाळी आली! मम्मी गेले चार महिने तिलाच साकडं घालत होती. मी मोरीतून हाक मारली. मम्मी धावत आली, ‘माय वं, कानबाई पावनी!’ म्हणून मला कवटाळलं, मग आठवलं की शिवली, तशी ओरडून मागे सरकली, अंघोळ करून आली, मला कोपऱ्यात बसलेली बघून पुन्हा रडू आलं, पुन्हा कवटाळलं, पुन्हा अंघोळ. अशा तीन अंघोळी झाल्या आणि कानबाई तोवर बिना नथीची बसून होती. मी म्हटलं, जिने दिली तिला विटाळ कसा होईल? मम्मी म्हणाली, फार शिकलीस. पण चार दिवस मला वेगळी ज्वारीची भाकरी मिळाली, साखर नाही, तूप नाही. खुद्द देवीनेच डाएट लावलं. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आले, तर उरलेले रोट ताटात माझी वाट बघत बसले होते. मम्मीचं तोंड पुरणाने आंबून गेलं होतं. बिचारीची दया आली, खाल्ले.

परवा दवाखान्यात काट्यावर उभी राहिले. सहापैकी पावणेदोन किलो उतरले. मी रागावणं ऐकायच्या तयारीत होते, पण बाई खूश झाल्या. पाळी आली हे मोठं, म्हणाल्या, अशीच चाल, मुदत वाढवून देते.

बाकी सगळं ठीक. आतोबांना नमस्कार, गाईला एक थोपटणं. चुकलंमाकलं पोटात घाल (तुझ्याही पोटात जागा पुष्कळ आहे).

तुझी लाडकी
चंचल

ता. क. : वर मी भेळ खात होते वगैरे लिहिलं आहे, ते खरंच आहे. पण पुष्पाबाई गेल्यावर मोरीचा नळ सोडून तासभर रडले, तेही खरं आहे. मम्मीला सांगू नकोस.

आणखी एक ता. क., पत्र खरं तर यासाठीच : परवा बाईंनी एक कागद घरून भरून आणायला दिला आणि विचारलं, घराण्यात आणखी कोणाला असा त्रास होता का? मम्मी पटकन म्हणाली, कोणालाच नाही. पप्पा गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले. घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पुढे बघतच म्हणाले, ‘अक्काले बी असंच व्हतं, पोरी. सहा-सहा महिने. आम्ही तिले अंगारेच लावत राह्यनू.’ मग सिग्नल सुटला तरी त्यांनी गाडी काढली नाही, मागचे हॉर्न वाजवत होते. आत्या, तुला लेकरू झालं नाही म्हणून लोक तुला काय काय बोलले ते मी लहानपणी तुझ्या मांडीवर बसून ऐकलंय. तुझं काही चुकलं नव्हतं गं. तो आजार होता, त्याला नाव आहे, फक्त तुला ते कोणी सांगितलं नाही. कागदावरची ती जागा मी अजून रिकामी ठेवली आहे. तिथे ‘धुरपदाबाई, वडिलांची बहीण’ असं लिहू का? तू हो म्हणालीस तरच लिहीन. मला त्या कागदावर एकटीला करमत नाही.