नांदेडची लग्नं संपली

३ जानेवारी २०१९, गुरुवार

नांदेडचा डॉक्टर गेला. मेला नाही, मुंबईला गेला. कायमचा. दाराला कुलूप. मी आन् माझी नात वर्षाराणी, दोघींनी पायरीवर बसून धपाटी खाल्ली आन् परतीची एसटी धरली. धपाटी झकास झाली होती, दही जरा आंबट.

आता मडिवाळप्पाच्या घरची लग्नंबी संपली म्हणायची. मडिवाळप्पा माझा भाचा, नांदेडला राहतो. वर्षाराणीला एडीएचडी हाय. मन एका जागी थांबत नाही, वाचायला बसली की उठून अख्खं कपाट आवरते. पण आमच्या लातुरात कुणाला कळू नये म्हणून माझा लेक शिवकुमार तिला नांदेडला पाठवायचा. त्याचं झेरॉक्सचं दुकान क्लासच्या गल्लीत, सगळं गाव ओळखीचं. शेजारच्या धुरपताबाईनं विचारलं की सांगायचं, मडिवाळप्पाकडं लग्न हाय. दर महिन्याला. त्याला पोरगी एकच! दिवाळीत धुरपताबाई म्हणली, "तिचं तर झालं होतं ना?"

मी म्हणलं, "हाव, हे दुसरं."

"आन् पहिला?"

तोंडातून निघून गेलं, "वारला."

बिचारीनं मडिवाळप्पाला फोन करून रडून घेतलं.

७ जानेवारी

गोळ्या संक्रांतीपर्यंतच पुरतील. डॉक्टरकीची परीक्षा मे महिन्यात. औषधाचा दुकानदार म्हणला, जुन्या चिठ्ठीवर देता येत नाही, सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथं मिळते.

शिवकुमार म्हणला, "तिथं माझं निम्मं गिऱ्हाईक बसलेलं असतंय. बंद करा गोळ्या. मन लावलं की लागतंय." असं म्हणत चहाचा कप फ्रीजमध्ये ठेवून दुकानाला गेला.

वर्षाराणी जेवली नाही. म्हणली, "अज्जी, गोळी घेतली की वाचलेलं पान डोक्यात राहतं. ती बंद झाली तर माझी परीक्षा गेलीच समज."

८ जानेवारी

शिवकुमारला युक्ती सुचली. अव्वाच्या, म्हणजे माझ्या, नावानं दाखवा, गोळ्या पोरीला द्या. म्हातारीला कोण हसतंय? मी लगेच हो म्हणलं. इरकली लुगडं काढून ठेवलं.

१० जानेवारी, गुरुवार

सरकारी दवाखाना मला लई आवडला. ठळक विभूती लावून गेले. रांगेत रेणापूरची एक बाई भेटली, तिच्या म्हशीपासून जावयापर्यंत सगळं कळलं, आजार तेवढा कळला नाही. मग "शांतम्मा" म्हणून माझा पुकारा झाला. वर्षाराणीनं माझ्याकडून सगळी उत्तरं पाठ करून घेतली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय होतंय आजी?"

"अभ्यासात मन लागत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवला. "कसला अभ्यास?"

"फिजिक्स. केमिस्ट्री बरी जाते."

"कधीपासून?"

"अकरावीपासून." मी चौथीत शाळा सोडलेली.

हसू बाईंनी कसं आवरलं त्यांचं त्यांना ठाऊक. वर्षाराणीकडं बघून हळूच विचारलं, "फिजिक्सच्या क्लासला कोण जातंय?" पोरगी रडायलाच लागली. सगळं सांगून टाकलं.

गोळी मिळंल म्हणाल्या, पण जिची तिच्याच नावानं. आन् पोरगी सतराची, तर आई नाहीतर बाप पाहिजे, लहानपणापासूनचं सांगायला. सूनबाई किनवटला आश्रमशाळेवर, तिला सुट्टी नाही. म्हणजे शिवकुमार. आजी चालत नाही. मी केवढं सांगितलं असतं!

१२ जानेवारी

शिवकुमार येत नाही म्हणतोय.

१४ जानेवारी, भोगी

तीळ लावून भाकरी केल्या. गोळ्या काल संपल्या. वर्षाराणी पुस्तक घेऊन बसली, उठली, मिक्सर खोलून साफ केला, मग पंखा पुसला. पुस्तक त्याच पानावर. शेवटी स्वतःच्याच डोक्यात चापट मारून घेतली. शिवकुमार दारात उभा होता. लई वेळ.

१७ जानेवारी, गुरुवार

गेला! तोंडाला टॉवेल गुंडाळून गेला, पण गेला. वर्षाराणीनं सांगितलं, शेजारी अजून एक टॉवेलवाला होता. ह्याचा टॉवेल सरकला, त्याचा सरकला, तर तिच्या क्लासचे सर. दोघंबी एकदमच म्हणाले, "दात दुखतोय."

आत बाई एकेक विचारत गेल्या. वस्तू हरवतात का? हातातलं काम अर्धं सोडून दुसरं धरते का? शिवकुमार प्रत्येकाला म्हणायचा, "त्यात काय, सगळ्यांचंच असतंय."

बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं नसतं."

गोळ्या मिळाल्या. पोरगी आल्या आल्या वाचायला बसली. मी तिळाची पोळी तुपात बुडवून दिली. शिवकुमार मात्र अर्धी पोळी टाकून आपली जुनी मार्कशीट शोधत बसला. दहावीला हा दोनदा बसला होता. पहिल्यांदा नापास झाला ते आम्ही भूकंपावर ढकललं. दुसऱ्या साली भूकंपबी नव्हता.

१८ जानेवारी

शिवकुमार सकाळी चुलीपाशी येऊन बसला. म्हणला, "अव्वा, पुढच्या गुरुवारी दवाखान्यात येशील का? माझ्या लहानपणाचं सांगायला."