जोडप्यांनीच यावे

जळगाव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. डिंपल,

आशीर्वाद. रागात असलीस तरी घे, आशीर्वाद परत पाठवायची सोय नसते. जावईबापूंना नमस्कार सांग, म्हणजे त्यांच्या कानावर घातलं असशील तर. नसेल घातलं तर तूर्त राहू दे.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागली. बाजारात भरिताची वांगी आली, तुझ्यासाठी चार निवडून ठेवली होती, पण तू धुळ्याहून येणार नाहीस म्हणालीस म्हणून तुझ्या मेघावहिनीने परवा भाजून टाकली. भरीत चांगलं झालं होतं. पण तुझा भाऊ हेमराज अर्ध्या ताटावरून उठून गेला. म्हणजे सगळं ठीक आहे असं वर लिहिलंय ते खोडून वाच.

माझा फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर एक ओळ धाडलीस, "आई, तुला लाज कशी वाटली नाही?" त्याचं उत्तर मोबाइलवर मावत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्यापुरतं. त्या कंपनीच्या बाईने तुला फोन करून "तुमच्या आईवडिलांनी आमचं सदस्यत्व घेतलं, अभिनंदन" म्हटलं, आणि तू दुकानात उभ्या उभ्या रडलीस, असं हेमराज म्हणाला. तुझे आबा जाऊन सहा वर्षं झाली आणि असा फोन यावा, याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलीने घरच्या कोणाचा तरी नंबर मागितला, माझ्या तोंडून तुझाच निघाला. पाठ तेवढाच आहे. बाकी कशाचं वाईट वाटतं ते अजून माझं मीच बघते आहे.

आता झालं काय ते ऐक. दिवाळीत प्रदर्शनात कुपन भरलं होतं. फोन आला, तुम्हाला विजेची शेगडी लागली, हायवेवरच्या हॉटेलात येऊन घेऊन जा, पण जोडप्यांनीच यावे. मी म्हटलं, मी एकटीच आहे. तर म्हणे, मग भेट नाही मिळणार. मला असा संताप आला! एकट्या बाईला काय चहा लागत नाही? सकाळी मेहरूणच्या तलावावर फिरताना झुलालनानांना सांगितलं. नाना तुला माहीत आहेत, मागच्या गल्लीतले, एसटीत ड्रायव्हर होते, मूळचे शिंदखेड्याकडचे. आबांच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा घालणारे तेच. त्यांनाही तसाच फोन आला होता, आणि त्यांची बायको तर आबांच्याही आधी गेली. मीच म्हणाले, चला नाना, दोन एकट्यांचं एक जोडपं करू आणि त्यांची शेगडी घेऊन येऊ.

मीच म्हणाले, डिंपल. हे नीट वाच, पुढे लागणार आहे.

तिथे थंडगार हॉलमध्ये बसवलं, सरबत दिलं. पैसे आधी भरायचे, मग दरवर्षी सात दिवस त्यांच्या कुठल्याही हॉटेलात राहायचं, अशी पंचवीस वर्षं. मला हसूच आलं, मी एकसष्ट, नाना सहासष्ट. नानांनी तिला गंभीरपणे विचारलं, "शेवटली वरीसमा हात धरीसन लई जानारा कोनी भेटतस का?" शेवटच्या वर्षी हात धरून न्यायला कोणी मिळतो का, हे त्या पोरीला काही कळलं नाही, ती म्हणाली, हो सर, सगळ्या सुविधा आहेत.

मग तिने मला विचारलं, मिस्टरांचं पूर्ण नाव? आणि डिंपल, मला ते सांगता येईना. रोज तलावावर दहा वेळा हाक मारते, पण नुसतं नाव घ्यायची वेळ आली तर जीभ उचलेना. आबांचं नाव घेताना व्हायचं ना, तसं. तू लहान असताना रेशनच्या दुकानात आबांचं नाव तुला सांगायला लावायचे, तसं. पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "बघा, किती लाजतायत काकू!" नाना खाली मान घालून सरबत पीत राहिले. त्यानंतर आम्ही शेगडीपाशी थांबलोच नाही, सदस्यत्वच घेऊन बसलो. निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे मी माझ्या उन्हाळ्यात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्यांच्या विक्रीतले दिले. हेमराजचा त्यात रुपया नाही.

आता रद्द करायचं तर शनिवारपर्यंत मुदत आहे, दोघांच्या सह्यांचा अर्ज घेऊन दोघांनी जायचं. नंतर पैसे गेले ते गेले. आणि रद्द करावं हे मलाही पटतं. पंचवीस वर्षांचा देखभालखर्च वेगळा भरायचा, हे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, ते घरी येऊन चष्मा लावल्यावर दिसलं. तेव्हा त्यावर भांडण नाही.

भांडण अर्जावर आहे. तो हेमराजने टाइप करून आणला. त्यात लिहिलंय, "सदर इसमाने मला फसवून पत्नी म्हणून बसवले. त्याच्याशी माझा कोणताही संबंध नाही." म्हणाला, असं लिहिलं की कंपनी घाबरून पैसे देते, आणि गल्लीतही तोंडं बंद होतात. मी म्हटलं, हे खोटं आहे. तर म्हणाला, "मग खरं काय आहे ते सांग ना आई." मेघा स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातली भांडी वाजायची थांबली. मी चष्मा शोधायला उठले. बोलायला हवं होतं.

काल हेमराजने नानांना घरी बोलावलं. बस म्हणालासुद्धा नाही. नानांनी उभ्या उभ्या अर्ज वाचला, खिशातला पेन काढला आणि सही करून टाकली. "मी फसवलं" याच्या खाली! हेमराज खूश झाला. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले, विचारलं, नाना, हे काय केलंत? तर म्हणतात, "मनं काय जास? तुमना पोरेसना डोयामा तुम्ही पडाले नको. बठ्ठं मनावर ढकली द्या." माझ्या पोरांच्या डोळ्यांतून मी उतरू नये म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलायचं! आणि निघाले, पायात चप्पल नीट न घालता.

मला त्यांचा इतका राग आला की मी फाटक धरून उभी राहिले. आबांशी सदतीस वर्षं संसार केला, भांडले, रुसले, माहेरी निघून गेले, पण असा राग मला त्यांचाही आला नव्हता. माझ्यासाठी कोणी खोटा आळ अंगावर घेतंय आणि मी गप्प बसायचं! परक्या माणसाने असं केलं असतं तर मी आभार मानले असते. मला राग आला, तेव्हा कळलं की ते परके राहिलेले नाहीत. हे तुला सांगायचं होतं आणि म्हणून मी वांग्यांपासून सुरुवात केली.

आबांना मी विसरले असं मनात आणू नकोस. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला रोज फूल वाहते आणि कालची भांडणंही सांगते. पण सकाळी तलावाच्या वाटेवर कोणी शेजारून चालत असतं, ते मला हवं आहे. त्यात लाज वाटते का, तू विचारलंस. पहिले दोन दिवस वाटली. काल फाटकापाशी गेली.

माझ्या आजीच्या बहिणीचा पाट लागला होता. विधवेचं दुसरं लग्न आपल्यात चालायचं, पण रात्री, वाजंत्र्यांशिवाय, घरच्या लेकरांनाही झोपवून. ती म्हणायची, दोन्ही लग्नं माझीच, मग एकच का लपवलं? तिचं अंधारात उरकलं, मला तसं नको.

आज दुपारी मी हेमराजचा अर्ज फाडला. त्याच्या समोर. तो म्हणाला, घर सोडून जाईन. मी म्हटलं, जेवून जा. तो गेला नाही, पण जेवलाही नाही. मग मी नवा अर्ज हाताने लिहिला, "आम्ही दोघांनी स्वखुशीने घेतले, दोघे विचार करून रद्द करत आहोत." आणि दिवसाउजेडी, सगळ्या गल्लीदेखत नानांच्या दारात जाऊन त्यांची सही घेतली. ते नाही म्हणत होते. मी पेन हातात दिला.

शनिवारी अकराला आम्ही त्या ऑफिसात जाणार आहोत. या अर्जावर पैसे मिळतील की नाही, ठाऊक नाही. बुडाले तर माझी दोन उन्हाळ्यांची मेहनत बुडेल, नानांचंही तेवढंच जाईल. पण नाना फसवणारे म्हणून कुठल्या कागदावर राहणार नाहीत. तुला यायचं असेल तर ये, बसने दोन-अडीच तास. नाही आलीस तरी माझी तक्रार नाही, रडू मात्र येईल.

टाळी वाजवणारी ती पोरगी तिथे असणारच. विचारेल, काकू, मग हे तुमचे मिस्टर नाहीत? तिला जे सांगणार ते आधी माझ्या लेकीला कळावं, म्हणून एवढं लिहिलं. मी सांगणार आहे, नाहीत. अजून.

तुझी आई,
पुष्पा