तापीत सोडलेला आरसा

लोणखेडा, ६ जानेवारी १९५८, सोमवार
डोके फिरले आहे. माझ्या गाडीचा आरसा हिने तापीत सोडला.
गुरुवारी कपाशीच्या बैलगाडीचे जू घासून आरशाला तडा गेला. शहाद्याला नेऊन नवी काच घालायची म्हणून सांगाड्यासकट सोडवला, फडक्यात बांधून फडताळात ठेवला. दर सोमवारी मीच हिला तापीकाठी प्रकाशा गावी देवदर्शनाला नेतो. आज आरसा नाही म्हणून ही एस.टी.ने गेली, ती आरशाचे गाठोडे घेऊनच.
विचारले तर, "फुटेल आरसा घरमा ठेवतस का? तापी मायमा सोडी दिना."
अगं, काच फुटली होती, पितळेचा सांगाडा नाही! तो विलायतेत घडवलेला. गोऱ्या साहेबांकडे वीस वर्षे ड्रायव्हर होतो, मायदेशी जाताना त्यांनी ही दोन सीटची लाल गाडी मला दिली. तसा सांगाडा आता कुठे मिळणार!

७ जाने.
मुलगा, जगन. काय बोलला ते जसेच्या तसे लिहितो. "आबा, तुम्हनी मान फिरस नही. आरसा नही तं मांगलं काय दिसी? चावी मन्हाकडे द्या."
विहिरीवरून पडलो तेव्हापासून मान वळत नाही, खरे आहे. पण सुरतेचा कोणी व्यापारी गाडी बघायला येणार हे यानेच ठरवले, मला न विचारता! मी काय मोडका नांगर आहे?
भांडण झाले. शेवटी सुनेसमोर कबूल झाला की आरसा लावून प्रकाशाला जाऊन सुखरूप परत आलो तर गाडी विकणार नाही. त्याचा शब्द. बघू.

९ जाने.
भिका न्हाव्याचा आरसा तारेने बांधला. भिका म्हणतो, "आबा, मांगलं नही दिसनं तरी दाढी झकास दिसी!" वेशीपर्यंत गेलो. हादऱ्याने आभाळ दिसले आणि माझी मिशी. परत दिला.

१४ जाने.
संक्रांत. गोड बोलायचा दिवस, पण एक गोड शब्द तोंडून निघाला नाही. एस.टी.ने विसरवाडीला गेलो, ट्रकच्या सामानाच्या दुकानात. आरसा भाकरीएवढा, दांडा हातभर. दुकानदार म्हणे, "गाडी लई या आबा, मडगारले भोक पाडी दिऊत. दोन मिनिटनं काम." म्हटले, भोक तुझ्या कपाळाला पाड. दहा वर्षांत त्या पत्र्याला मी टाचणी लावू दिली नाही! आरसा तेवढा घेतला.

१७ जाने.
भोक न पाडता बसवला. आपल्या ऑइल इंजिनाच्या पाइपच्या दोन क्लिपा घेतल्या, समोरच्या काचेच्या खांबाला सायकलची ट्यूब गुंडाळली, वरून आवळले. सकाळची दुपार झाली. वासराला रेड्याचे शिंग लावल्यासारखे दिसते. सून पदरात तोंड घालून हसली. हसू दे.

१८ जाने.
घरी सांगितलेले नाही, इथेच लिहितो. शहादा रस्त्यावर एकटा गेलो होतो. आरशात ट्रक काडेपेटीएवढा दिसला. दूर आहे म्हणून बैलगाडीला वळसा घालायला उजवीकडे घेतली, तर तो अंगावरच! ड्रायव्हरने माझ्या बापाचा उद्धार केला. हात लावून पाहिला तर काच फुगीर. जवळचे लांब दाखवते. साहेबांची सपाट होती, जे होते ते दाखवायची. पैसे मोजून खोटे बोलणारा आरसा आणला मी!
परवा सोमवार.

२० जाने., सोमवार
जगन दारात उभा. ही शेजारी बसली, वेस ओलांडल्यावर सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसली.
"हाई काय?"
"तुम्हना आरसावर मन्हा भरोसा नही. मी मांगे देखस."
सगळा रस्ता तोंड चालू. "मोटर उनी... आजून दूर शे... आते जवळ उनी, डाव्या अंगले ल्या!" तीस वर्षे गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला डावे अंग शिकवते! संताप झाला. पण दरवेळी तिचेच खरे, आरशाचे खोटे.
प्रकाशाला घाटावर विचारले, कुठे सोडला? तिने दगड दाखवला. तिथे एक कोळी जाळे टाकत होता. त्याला सांगितले, पितळेचे काही लागले तर लोणखेड्याला कळव.
"आबा, तापीले देल वस्तू परत मांगतस का?"
"मी दिलेली नाही," म्हटले.
ही दुसरीकडे बघत होती.
घरी आलो. जगनने गाडीभोवती फिरून ओरखडा शोधला, मिळाला नाही. मग, "आई, वेशीमाईन येतांना तू मांगे तोंड करी कसाले बठेल व्हती?"
ही म्हणाली, "ऊन लागी ऱ्हायनं व्हतं."
सुरतवाल्याला येऊ नको म्हणून कळवले का, ते जगनने सांगितले नाही.
चावी करदोट्याला बांधली आहे. कोळ्याच्या निरोपाची वाट बघतो.