रुग्णवाहिका मदत कक्षासाठी मेमरी सोडण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (प्रशासन),
नागरी सेवा केंद्र, मुख्य इमारत.

विषय : लेखा शाखेने राखून ठेवलेल्या, पण न वापरलेल्या मेमरीपैकी काही भाग रुग्णवाहिका मदत कक्षाला देण्याची परवानगी आजच मिळण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरचे माझे आधीचे दोन अर्ज. २) शुक्रवारच्या बैठकीतील आपली तोंडी सूचना : "घाई करू नका."

महोदय,

आधीचे दोन्ही अर्ज आपल्या टेबलावर पाणी पिण्याच्या तांब्याखाली आहेत. आपण जागेवर नसताना मी दारातून डोकावलो, त्याबद्दल क्षमस्व.

१. तळमजल्यावरच्या एकाच सर्व्हरवर सर्व शाखांचे आभासी संगणक चालतात. प्रत्येक शाखेला आपला संगणक स्वतंत्र वाटतो. आत मेमरी एकच, वाटून घेतलेली. ही वाटलेली मेमरी असलेल्या मेमरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. दोष यंत्राचा नाही, आपल्या रीतीचा आहे. भांडार शाखा प्रत्येक मागणी निम्मी करते, म्हणून टेबले असोत की पंखे, प्रत्येक शाखा दुप्पट मागते. मागच्या वर्षी मेमरीची मंजुरी भांडाराकडून काढून घेतली. कात्री गेली, सवय राहिली, सगळ्यांना दुप्पट मिळाले. मदत कक्षाच्या प्रमुख बाई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी लागेल तेवढीच मागितली.

२. मेमरी कमी पडली की सर्व्हर आभासी संगणकांच्या आत एक फुगा फुगवतो. फुगा जेवढी जागा व्यापेल तेवढी मेमरी सुटून दुसऱ्याला मिळते. कॅन्टीनमध्ये मला फुगेवाला म्हणतात ते यावरून. लेखा शाखेने मात्र आपली सगळी मेमरी राखीव करून घेतली आहे, तिथे फुग्याला मज्जाव. अगदी पगाराच्या आठवड्यातही तिचा तिसरा हिस्सासुद्धा वापरला जात नाही. मदत कक्षाकडे सोडण्याजोगे काही नाही, तरी फुगा तिथे फुगतोच. मग संगणक मेमरीचे काम डिस्कवर ढकलतो आणि गोगलगाय होतो.

३. गुरुवारी एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांना श्वास घेता येत नव्हता. नकाशा उघडेना. ऑपरेटरने पत्ता तळहातावर लिहून घेतला आणि रुग्णवाहिका अंदाजाने पाठवली. ती शेजारच्या गल्लीत उभी राहिली. म्हाताऱ्यांना शेवटी शेजाऱ्याने आपल्या टेम्पोतून नेले, म्हणून ते आज हयात आहेत. आपला अहवाल म्हणतो, 'रुग्ण सुखरूप, यंत्रणा कार्यरत.' पहिली गोष्ट टेम्पोवाल्यामुळे खरी आहे. दुसरी खरी नाही.

४. बैठकीत लेखाधिकारी म्हणाले, "बायकोचा संगणक पळावा म्हणून हा आमच्या ताटातलं काढतोय." सगळे हसले, आपणही. ती ऑपरेटर माझी पत्नी आहे, हे मी लपवलेले नाही. हरकत तेवढीच असेल तर ती उद्या जन्मनोंदणीत जायला तयार आहे. घरी तिने मला एवढेच विचारले, "माझ्या जागी जी बसेल तिच्यापुढे नकाशा उघडेल का रे?" मी भाजी चिरत राहिलो.

५. नवी मेमरी मागवली आहे, ती कधी येईल ते पुरवठादारालाही माहीत नाही. राखीव आकडा बदलण्याचा अधिकार फक्त आपला. मी लेखाधिकाऱ्यांना एकांतात विनवले, फक्त चौथा हिस्सा सोडा, वर्षअखेरीला परत देतो. ते म्हणाले, वापरत नाही म्हणून काय झाले, आपली ती आपली. पुढे त्यांनी मला चहा पाजला. माणूस वाईट नाही.

६. माझ्या हाताखाली एकच आभासी संगणक आहे : सर्व्हरवर पहारा ठेवणारा. कोणाची मेमरी किती खर्च होते, फुगा कुठे फुगतो, धोका कधी वाढतो, हे तो सांगतो. आज सकाळी मी तो बंद केला. त्याची मेमरी सुटताच मदत कक्षातला फुगा ओसरला आणि नकाशा चटकन उघडू लागला.

७. परिणामी आता सर्व्हरवर कोणाचेही लक्ष नाही. कोणत्याही शाखेने काही जड काम सुरू केले, तर ते आधी मला कळणार नाही, फोन करणाऱ्याला कळेल. म्हणून मी मदत कक्षात पत्नीच्या खुर्चीमागे उभा राहून तिचा पडदा पाहत आहे. हा अर्ज तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर लिहिला आहे. मागे उभा राहू नकोस, हात चालत नाहीत, असे तिने दोनदा बजावले आहे. फोन पुन्हा वाजतो आहे. आपली सही होईपर्यंत मला येथून हलता येणार नाही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून, आपला नम्र,
यंत्रणा प्रशासक
(सध्या मुक्काम : मदत कक्ष, पहिला मजला)
सोमवार, दुपार

सोबत : मेमरी वापराचा आलेख, आज सकाळपर्यंतचा. त्यापुढचा उपलब्ध नाही.